बैलाच्या खांद्याचं पेटंट

माझं काम काय आहे हे सांगायला गेलं की दर वेळी पंचाईत होते. "पेटंटमधल्या चुका शोधते" असं म्हटलं तर मंगरूळपीरच्या माझ्या शेजारणी माझ्याकडे दयेने बघतात. चुका शोधायचा पगार मिळतो तर आमच्या सासूबाईंना का मिळत नाही, असं एकीने तोंडावर विचारलंय. खरं तर काम अगदी सरळ आहे. मोठी औषध कंपनी एखादं छोटं औषध विकत घ्यायला निघाली, की त्या औषधाच्या पेटंटचा कागद उद्या कोर्टात टिकेल का, हे मी आधी बघून ठेवते. बायका माठ घेताना बोटाने वाजवून बघतात, तसं. कागद बद्द वाजला तर सौदा मोडतो आणि विकणारा जन्मभर मला शिव्या देतो.

मी मूळची रिसोडची, शिकून फार्मसिस्ट झालेली. ऑफिस पुण्यात, पण मी काम करते ते मंगरूळपीरच्या घरातल्या माडीवरून. इतक्या वर्षांत माझ्यापुढे आलेली औषधं सगळी दूरची: हैदराबादची, अहमदाबादची, कुठली कुठली. गेल्या वर्षी पोळा होऊन काही दिवस झाले होते, तेव्हा एक फाईल आली. जनावरांचं मलम. अर्जदाराचा पत्ता वाचला आणि मी खुर्चीतून उठलेच. आसेगाव रस्ता, तालुका मंगरूळपीर! माझ्या माडीवरून बसने जाता येईल एवढ्या अंतरावर कुणीतरी औषध शोधलं होतं, त्याचं पेटंट घेतलं होतं, आणि हैदराबादची कंपनी ते घ्यायला टपली होती. मी घरात सगळ्यांना ओरडून सांगितलं. मग आठवलं की ही माहिती गुप्त असते, आणि सगळ्यांना परत गप्प केलं.

पुण्याच्या साहेबांनी फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या. "तू स्थानिक आहेस, स्वतः जाऊन बघ. आणि कागद टिकत नसेल तर कंपनी घेणार नाही, हे त्या माणसालाही स्पष्ट सांग." हे मला नंतर फार जड गेलं, पण त्या वेळी मी उत्साहात होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसला मी सर्वांत आधी चढले.

पत्र्याचं एक लांब शेड होतं. आत सात बाया मोठ्या पातेल्यांतलं मलम डब्यांत भरत होत्या. बाहेर बाजेवर एक निवृत्त जनावरांचे डॉक्टर बसले होते, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेले. मलम त्यांचंच. जुवाखाली घासून घासून बैलाच्या खांद्याला जखम होते, ती पेरणीच्या दिवसांत भरत नाही, कारण बैलाला सुट्टी नसते. या मलमाने बैल जुंपलेला असतानाही जखम भरते, असा पेटंटमधला मुख्य दावा होता. मी आयुष्यात शंभर दावे वाचले असतील, पण ज्याचा उपयोग मला डोळ्यांसमोर दिसला असा हा पहिलाच.

"कंपनीनं घेतलं तं लय चांगलं होईन," डॉक्टर म्हणाले. "माह्ये गुडघे गेले. पोरगी सासरी. जावई वाशिमले दुकान पाहते. मी बसलो की हे शेड बसलं. दिवाळीपर्यंत ओढीन, मंग कुलूप." त्यांनी आतल्या बायांकडे हात केला. "याच्यातल्या चौघीजणी पयले ऊसतोडीले जात. मंग त्यायले परत कोयता घ्यावा लागन."

म्हणजे मला काय वाजवून बघायचंय ते पहिल्या दहा मिनिटांतच कळलं. कागद टिकला तर कंपनी हे शेड चालवणार होती, बायांसकट. नाही टिकला तर दिवाळीनंतर कुलूप.

मी यादी काढून बसले. प्रयोगाची वही कुठे? आधी कुठे छापलं होतं का? कुणाला दाखवलं, दिलं, विकलं होतं का? हा शेवटचा प्रश्न मी कुणालाही विचारते, तेव्हा समोरचा सावध होतो. डॉक्टर मात्र खुलले.

"दिलं होतं का म्हनते? पोरी, अख्ख्या गावाले वाटलं! फुकट!"

माझ्या हातातलं पेन थांबलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाचे खांदे हळद आणि लोणी लावून चोळायचे, आणि त्याच्या कानात म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. डॉक्टरांनी त्या वर्षी गावाला सांगितलं होतं की लोणी घरी खा, बैलाच्या खांद्याला माझं मलम लावा. देवळापुढे पन्नासेक बैल उभे, प्रत्येकाच्या धन्याच्या हातात डबी, डॉक्टर मधोमध उभे राहून कसं चोळायचं ते दाखवताहेत. जावयांनी त्याचा व्हिडिओ काढला होता. तो डॉक्टरांनी मला कौतुकाने दोनदा दाखवला. दुसऱ्यांदा बघताना मी व्हिडिओवरची तारीख लिहून घेतली.

कारण पेटंटचा पहिला नियमच असा: अर्ज करायच्या दिवसापर्यंत ती गोष्ट जगाला नवी पाहिजे. स्वतः शोधणाऱ्यानेच ती चारचौघांत वापरली, तरी नवेपणा गेला. दवंडी कुणी पिटली हे कायदा विचारत नाही.

पण मी एवढ्यावर हार मानणारी नाही. कायद्यात एक खिडकी आहे. वापर खरोखर चाचणीसाठी असेल, ती चाचणी उघड्यावर केल्याशिवाय होणारच नसेल, आणि ती अर्जाच्या आधीच्या एका वर्षातली असेल, तर माफ. मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, त्या बैलांचं पुढं काय झालं, लिहून ठेवलं का कुठी?" त्यांनी बाजेखालून वही काढली. मी ती उघडली आणि अक्षरशः टाळी वाजवली. प्रत्येक बैल, त्याचा धनी, जखमेची लांबी-रुंदी, दर तिसऱ्या दिवशी परत मोजलेली. सण होताच, पण डॉक्टरांनी त्याची चाचणी केली होती. आणि बैलाला जुंपून बघायचं तर शेतातच बघावं लागणार, बंद खोलीत कसं बघणार? खिडकीचे दोन गज तर सरकले. आता फक्त एक वर्षाचं गणित.

"अर्ज कधी केला?"

"पुढच्या पोळ्याच्या आठ दिवस आधी," जावई म्हणाले. ते तेवढ्यासाठी दुकान बंद करून आले होते. "मले माहीत होतं ना म्याडम, वर्षाच्या आत करावं लागते. म्हनून पोळा येऊ देला नाही."

पोळा ते पोळा एक वर्ष. आमच्याकडे कुणालाही विचारा, हेच सांगेल. सालगड्याचा करार, मुलाचं वय, विहिरीला पाणी लागल्याचा हिशेब, सगळं असंच मोजतात. मीही मान डोलावली होती. मग सवयीने मोबाईलमध्ये दोन्ही तारखा टाकल्या. परत टाकल्या. तीनशे पासष्टच्या वर दिवस जात होते.

"डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, "अर्ज केला त्या वर्षी अधिक महिना होता का हो?"

डॉक्टर हसत होते, ते हसता हसता थांबले. हळूहळू जावयाकडे बघितलं. "होता," ते म्हणाले. "श्रावण दोनदा आला होता. याले वाण देलं होतं ना आपन. चांदीची वाटी अन् अनारसे." जावयांनी मान खाली घातली. अनारसे त्यांनाही आठवले असावेत. त्या वर्षीचा पोळा तेरा महिन्यांनी आला होता. तो येऊ द्यायच्या आधी अर्ज केला, तरी बारा महिने केव्हाच उलटून गेले होते.

मला लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला आनंद झाला होता. पेटंट तपासणाऱ्या कुणालाही सापडलं नसतं असं काहीतरी मला सापडलं होतं. पुण्यात, हैदराबादेत बसून अधिक श्रावण कुणाला सापडणार? पुढच्याच क्षणी आतल्या शेडमधून डब्या बंद केल्याचा टकटक आवाज आला आणि आनंद उतरला.

जावयांनी मान वर केली. "म्याडम, मी काय म्हनतो. गावाले वाटलं ते जुनं मलम होतं असं लिहून देऊ ना. थोडं येगळं. कोन पाहाले येते?"

"कोनतं जुनं?" डॉक्टर एकदम कडाडले. "हेच होतं. ज्याच्या बैलाले लावलं ते सारे जिते हायेत, रोज मले रामराम करतात. मी कागदावर खोटं लिहू अन् त्यायच्यासमोरून कसा जाऊ?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिही पोरी. जे हाय ते लिही."

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्यावर खूप चिडले होते. इतका प्रामाणिक माणूस समोर असला की आपलं काम फार वाईट वाटतं. वाटलेल्या त्या डब्यांवरही चिडले, अधिक महिन्यावरही चिडले. कंडक्टरने सुटे मागितले तर त्यालाही बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन अहवाल लिहायला बसले. लिहायचं एवढंच होतं की मुख्य पेटंट टिकत नाही. पण फाईलच्या तळाशी आणखी एक कागद होता. पहिल्या अर्जानंतर वर्षभराने केलेला दुसरा अर्ज, अजून मंजूर न झालेला. कंपनीच्या यादीत त्याच्यापुढे "किरकोळ सुधारणा" एवढंच लिहिलं होतं, म्हणून मीही तो बाजूला ठेवला होता. त्यात लिहिलं होतं की मलमात धावड्याचा डिंक तुपात फुलवून, कुटून घालायचा. मग घामाने, उन्हाने मलम खाली ओघळत नाही, जुवाखालीही जागेवर बसून राहतं.

बरं, चांगलं आहे, म्हणून मी पहिला कागद पुन्हा उघडला. आणि तिथे डॉक्टरांनी स्वतःच लिहिलेलं वाक्य होतं: या मलमात कोणत्याही झाडाचा डिंक घालू नये. वाळला की तो कडक होतो, केस ओढतो, आणि जखम पुन्हा उघडते.

चहा तसाच राहिला. आमच्या धंद्यात यापेक्षा सुंदर काही नसतं! नवेपणाखेरीज पेटंटला दुसरी कसोटी असते. त्या विषयातल्या जाणत्याला ती गोष्ट सहज सुचली असती का? सुचली असती तर पेटंट नाही. आणि इथे तर त्या विषयातला सगळ्यात जाणता माणूस छापील सांगत होता की हे करू नका. म्हणजे ज्याने केलं त्याने जाणत्याच्या सांगण्याच्या उलट जाऊन केलं. पहिला कागद मेला होता, पण मरता मरता तो दुसऱ्याला उभा करत होता. मी साहेबांना फोन लावून इतकं भरभर बोलले की ते म्हणाले, आधी श्वास घे. मग म्हणाले, कंपनीच्या मुख्य शास्त्रज्ञ बाई उद्या व्हिडिओवर येतील, शेडमधूनच बोल, आणि तोवर हा दुसरा कागद नीट वाजवून बघ.

मी दुपारी पुन्हा शेडवर. "डॉक्टरसाहेब, डिंक घालू नका म्हनत होते तुमी. मंग कसं सुचलं?"

"सुचलं," ते म्हणाले, आणि गुडघ्याचा पट्टा आवळू लागले.

मी प्रयोगाची वही मागितली. सगळीकडे डॉक्टरांचं तिरपं अक्षर. पण डिंक पहिल्यांदा येतो त्या पानावर पेन्सिलीतलं गोल, सावकाश लिहिलेलं अक्षर होतं. मी वही आत नेली आणि हे कुणाचं म्हणून विचारलं. एका बाईने पदराला हात पुसले. तिशी-पस्तिशीची असेल, आठवी शिकलेली, पूर्वी दर हंगामात कोयता घेऊन जाणारी. शेडवर आल्यापासून तिची मुलगी एकाच शाळेत पूर्ण वर्ष बसत होती, हे तिने मी न विचारताच सांगितलं.

"माह्यं," ती म्हणाली. "उन्हाळ्यात मलम वघळे. बाळंतिणीच्या लाडूत डिंक तुपात फुलवून टाकतात, तो काही दाताले चिकटत नाही, कुस्करते. म्हटलं, कच्चा कडक होते, फुलवलेला कायले होईन? पातेल्यात थोडा टाकून पाह्यला. डॉक्टरसाहेबाच्या बैलाले लावला. बसला."

अर्जात शोध लावणाऱ्याच्या रकान्यात एकच नाव होतं. डॉक्टरांचं.

यात लक्ष घालणं माझ्या कामाचा भाग होता, शहाणपणा नव्हता. ज्याच्या डोक्यातून निघालं त्याचं नाव कागदावर नसेल, तर उद्या कुणीही तो कागद त्याच कारणाने पाडू शकतो. अर्ज मंजूर व्हायच्या आत दुरुस्ती करता येते. मी हे बाहेर येऊन डॉक्टरांना सांगितलं, आणि काल इतक्या शांतपणे पहिलं पेटंट सोडून देणारा तो माणूस उसळला.

"शेड माह्यं! मलम माह्यं! बैल माह्या! तिले पगार देतो मी. उद्या पातेलं घासनारी म्हनन, माह्यंबी नाव टाका! एक तं तू काल नेला, आता दुसऱ्यातबी वाटनी?"

मी गप्प बसले नाही, तो माझा स्वभाव नाही. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, काल तुमी गावासमोरून जायची गोष्ट केली. या शेडमंधून कसे जान?" बोलून गेल्यावर वाटलं, फार झालं. ते उठून, भिंत धरत, घरात गेले. चहासुद्धा आला नाही. आतल्या बायांनी सगळं ऐकलं असणार, कारण टकटक थांबली होती. मी सगळं घालवलं असं मला परतीच्या बसमध्ये वाटत होतं, पण कागद चांगला होता. मला तो टिकायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी अकराला व्हिडिओ लागला. पडद्यावर शास्त्रज्ञ बाई, हिंदीत बोलणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, माझ्याशी एक शब्द न बोलता. बाईंनी दोन्ही कागद वाचले होते हे पहिल्याच प्रश्नात कळलं. "डॉक्टरसाब, आपने तो ख़ुद लिखा था कि गोंद मत डालिए। फिर आपका मन कैसे बदला?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. मिटलं. मग त्यांनी मान मागे वळवली आणि शेडकडे बघून हाक मारली.

"इकडे ये वं. हे तुह्यं हाय, तूच सांग."

ती आली. बसायला दुसरी खुर्ची नव्हती. डॉक्टर भिंतीला हात लावून उभे राहिले, पट्टे बांधलेल्या त्या गुडघ्यांवर, आणि तिला आपली खुर्ची दिली. ती टोकावर बसली आणि बाळंतिणीचे लाडू, तूप, डिंक किती फुलवायचा, किती बारीक कुटायचा, सगळं सांगत गेली. मी मधे हिंदीत सांगायला गेले तर बाई म्हणाल्या, मुझे समझ में आ रहा है, बोलने दीजिए। त्या लिहून घेत होत्या. दोनदा त्यांनी तिला थांबवून परत विचारलं, एकदा त्या स्वतःशीच हसल्या.

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याने पहिला कागद मेला होता. अर्ज भरायच्या आधी ही डिंकाची गोष्ट बाहेर कुणाला सांगितली होती का? गावात, नातेवाइकांत, शेजारी, बाजारात, कुणालाही?

मी तिच्याकडे बघत होते. हा प्रश्न मी काल रागाच्या भरात विचारायचाच विसरले होते. एका पोळ्यात एक पेटंट गेलं होतं, दुसरं या बाईच्या एका होकारात जाणार होतं. बायका पाककृती एकमेकींना सांगतात, मी सांगते, कोण सांगत नाही?

तिने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. प्रश्नच तिला नीट कळला नसल्यासारखी.

"कोनाले सांगू?" ती म्हणाली. "मले कधी कोनी इचारलंच नाही."

बाईंनी तिकडे लिहून घेतलं. डॉक्टर भिंतीकडे तोंड करून उभे होते. मग वळून त्यांनी माझ्यापुढे हात केला आणि दुरुस्तीचा फॉर्म मागितला.